मेकअप आणि कपड्यांवरचा खर्च: गुंतवणूक किती आणि हौस किती?

मेकअप आणि फॅशन यांवर पैसे खर्च करणे योग्य आहे का, असे विचारले की लोक चटकन दोन तट पाडून मोकळे होतात. एका तटाच्या मते हा सारा नट्टापट्टा म्हणजे शुद्ध उधळपट्टी असते. दुसरा तट ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण पुढे करतो आणि हा खर्च नसून स्वतःमधली गुंतवणूक आहे असे सांगतो. जाहिरातदारांना यांतला दुसरा तट अधिक प्रिय असावा, यात नवल नाही. प्रत्यक्षात एकाच पाकिटातून जाणाऱ्या या पैशांत तीन निरनिराळे खर्च मिसळलेले असतात. काही पैसा इतरांवर छाप पडावी आणि त्यातून नोकरी, पगार किंवा मान यांच्या रूपाने काही परत मिळावे म्हणून जातो. काही पैसा केवळ आवड म्हणून जातो. आणि काही पैसा असा असतो की तो खर्च केला नाही तर आपल्याकडे कमीपणाने पाहिले जाईल, या नाइलाजापोटी द्यावा लागतो. या तिन्हींचा हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडायला हवा, कारण एकाला लागू पडणारी कसोटी दुसऱ्याला लावली की उत्तर हमखास चुकते.

आधी गुंतवणुकीचा दावा तपासू, कारण त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच काम केलेले आहे. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल यांनी १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा येथील आकडेवारी तपासून असे दाखवले की, इतर बाबी सारख्या असताना, दिसायला बेताच्या समजल्या गेलेल्या लोकांची कमाई सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्क्यांनी कमी असते. देखण्या लोकांना फायदा होतो, पण तो या तोट्यापेक्षा किंचित लहान असतो. म्हणजे दिसण्याला बाजारात किंमत आहे, हे खरे. मात्र एवढ्यावरून सौंदर्यप्रसाधनांवरचा खर्च फायद्याचा ठरत नाही, कारण दिसणे ही एक गोष्ट झाली आणि पैसे टाकून त्या दिसण्यात फरक पाडता येणे ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीचा छडा हॅमरमेश यांनीच शिन मेंग आणि जुन्सेन झांग या सहकाऱ्यांसह लावला. शांघाय शहरात १९९६ मध्ये झालेल्या एका पाहणीत लोकांचे उत्पन्न, त्यांच्या दिसण्याविषयी पाहणी करणाऱ्यांचे मत आणि कपडे व सौंदर्यप्रसाधने यांवरचा घरातला खर्च अशा तिन्ही गोष्टी एकत्र नोंदवल्या गेल्या होत्या, आणि असा योग संशोधनात क्वचितच जुळून येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की अधिक खर्च करणाऱ्या स्त्रिया इतरांच्या नजरेला थोड्या अधिक सुंदर वाटतात आणि सुंदर वाटणाऱ्या स्त्रियांना पगारही थोडा अधिक मिळतो. परंतु हे दोन्ही परिणाम एकमेकांना जोडून पाहिले, तर खर्च केलेल्या पैशाचा अगदी छोटा हिस्साच वाढीव कमाईच्या रूपाने परत येतो. उरलेला मोठा हिस्सा हा उपभोग असतो. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत उपयोगी उत्तर हेच आहे, आणि पुढच्या सगळ्या मजकुराचा पायाही तोच आहे: या खर्चाचा बहुतांश भाग हौसेचा असतो. हौस करण्यात गैर काहीच नाही. फसगत होते ती हौसेची वस्तू गुंतवणुकीच्या नावाखाली विकत घेतली की.

अर्थात, सरासरीच्या आत पुष्कळ काही दडलेले असते. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील माहितीवरून असे मांडले की आकर्षक समजल्या जाणाऱ्या व्यक्ती सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक कमावतात, पण यातला मोठा वाटा नाकीडोळी नीटस असण्याचा नसून नीटनेटके राहण्याचा असतो. पुरुषांच्या बाबतीत हा वाटा सुमारे निम्मा निघाला, तर स्त्रियांच्या बाबतीत जवळपास सगळाच. येथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. या अभ्यासात नीटनेटकेपणा पाहणी करणाऱ्याच्या नजरेने मोजला होता, खर्चाच्या पावत्यांवरून नव्हे. विंचरलेले केस, कापलेली नखे, अंगाला बसणारा आणि इस्त्री केलेला स्वच्छ कपडा, पुसलेली पादत्राणे या गोष्टींना वेळ लागतो, पैसे मात्र तुलनेने थोडेच लागतात. शांघायचा निष्कर्ष आणि हा निष्कर्ष एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होते: सुरुवातीचा थोडा खर्च भरपूर काम करतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाढीव खर्चाचे फळ झपाट्याने घटत जाते.

घटत जाणाऱ्या फळाचे नेमके उदाहरण पाहायचे असेल तर सनस्क्रीनच्या बाटलीवरचा आकडा पाहावा. उन्हातील त्वचा भाजणाऱ्या ‘यूव्हीबी’ किरणांपैकी ‘एसपीएफ १५’ सुमारे ९३ टक्के अडवते, ‘एसपीएफ ३०’ सुमारे ९७ टक्के आणि ‘एसपीएफ ५०’ सुमारे ९८ टक्के. आकडा १५ वरून ३० वर गेला की ४ टक्क्यांची भर पडते, ३० वरून ५० वर गेला की अवघ्या एकाची. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात. बहुतेक लोक त्याच्या निम्म्यानेही लावत नाहीत. त्यामुळे महाग बाटली पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा परवडणारी बाटली सढळ हाताने वापरणे केव्हाही शहाणपणाचे. त्वचेवर लावण्याच्या असंख्य वस्तूंपैकी भक्कम पुरावा असलेल्या मोजक्या वस्तूंत हिची गणना होते. ऑस्ट्रेलियातील नँबोर येथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितलेल्या गटात त्वचेवरच्या वार्धक्याच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी वाढल्या.

आता प्रत्यक्ष मेकअपकडे वळू. तो काम कसा करतो, हे मानसशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. रिचर्ड रसेल यांनी २००९ मध्ये दाखवले की डोळे व ओठ आणि त्यांच्या भोवतालची त्वचा यांच्या गडद-फिकेपणात जो फरक असतो, तो सरासरीने स्त्रियांच्या चेहऱ्यात पुरुषांपेक्षा अधिक असतो आणि काजळ, मस्कारा, लिपस्टिक हे नेमका तोच फरक वाढवतात. वाढत्या वयाबरोबर हा फरक कमी होत जातो, म्हणून ठळक केलेला चेहरा तरुणही भासतो. म्हणजे परिणाम साधला जातो तो रंगाच्या जागेमुळे आणि त्याच्या गडदपणामुळे. डबीवरच्या नावाचा त्यात फारसा संबंध नसतो. नॅन्सी एटकॉफ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या प्रयोगात स्त्रियांचे मेकअप केलेले आणि न केलेले चेहरे केवळ पाव सेकंद दाखवले, तेव्हा मेकअप केलेले चेहरे अधिक आकर्षक, अधिक सक्षम आणि अधिक विश्वासार्ह ठरले. तेच चेहरे हवा तितका वेळ पाहू दिल्यावर आकर्षकपणाचा व सक्षमतेचा फायदा टिकला, पण आपलेपणा आणि विश्वास यांबाबतची मते मेकअप किती भडक आहे त्यानुसार बदलली. या अभ्यासाला पैसा एका मोठ्या प्रसाधन कंपनीचा होता, हे येथे सांगितलेले बरे. तरीही त्यातला शेवटचा निष्कर्ष कंपनीच्या फार सोयीचा नव्हता, म्हणून मला तो दखल घेण्याजोगा वाटतो.

यापेक्षाही गमतीचा शोध ॲलेक्स जोन्स, रॉबिन क्रेमर आणि रॉबर्ट वॉर्ड यांचा आहे. त्यांनी २०१४ मध्ये चेहऱ्यावरच्या मेकअपचे प्रमाण कमी-जास्त करता येईल अशी छायाचित्रांची मालिका तयार केली आणि सर्वांत आकर्षक वाटेल ते प्रमाण निवडायला सांगितले. पुरुष आणि स्त्रिया या दोघांनीही छायाचित्रातील स्त्रीने प्रत्यक्षात केला होता त्यापेक्षा कमी मेकअप पसंत केला; पण इतरांना काय आवडेल असे विचारल्यावर मात्र दोघांनीही अधिक मेकअपकडे बोट दाखवले. थोडक्यात, जी आवड फारशी कोणाचीच नाही ती इतर सगळ्यांची आहे, असे गृहीत धरून लोक पैसे खर्च करतात. बाजाराला याहून चांगला गैरसमज मिळणे अवघड आहे.

आपल्याकडे लोकांचे लक्ष किती असते, याविषयीचा अंदाजही असाच फुगलेला असतो. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणे वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असे घालणाऱ्यांना वाटले; प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच तो टिपला होता. जे लाजेच्या टी-शर्टचे, तेच मागच्या आठवड्यात घातलेल्या पोशाखाचे. तोच पेहराव पुन्हा घातला तर लोक काय म्हणतील, या भीतीपोटी होणारी खरेदी मला सर्वांत वाया जाणारी वाटते.

चांगले कपडे घातल्याने स्वतःचीच कामगिरी सुधारते, हा युक्तिवाद मात्र जपून वापरावा. डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लोकांची एकाग्रता वाढते, असे सांगणारा २०१२ मधील प्रयोग फार गाजला. पण २०१९ मध्ये तो अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला गेला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. आवडता कपडा घालून आपल्याला बरे वाटते, एवढे कारण त्या कपड्यासाठी पुरेसे असताना त्याला शास्त्राचा टेकू देण्याची गरज नाही.

मग वाढीव किमतीत पदरात नेमके काय पडते? प्रसाधनांच्या बाबतीत याचे उत्तर बरेचदा पुठ्ठ्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. घटकांची यादी बहुतेक देशांत प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते आणि १ टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत मिरवणारा घटक यादीत सुगंधी द्रव्य आणि परिरक्षके यांच्या शेजारी आढळला, तर तो नावापुरता घातलेला असण्याची शक्यता बरीच असते. कोलॅजेनच्या क्रीमचे उदाहरण तर हमखास द्यावे असे आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत शिरत नाहीत आणि कोलॅजेनचा रेणू जवळपास ३ लाख डाल्टनचा असतो. तो वर राहून त्वचा ओलसर ठेवतो, जे काम कितीतरी स्वस्त वस्तूही करतात. महागड्या लँकोम आणि खिशाला परवडणाऱ्या मेबेलिन या दोन्ही नाममुद्रा लोरेआल या एकाच कंपनीच्या आहेत, हेही ध्यानात असावे. किमतीतल्या फरकाला काहीच अर्थ नसतो, असे मी म्हणणार नाही. रंगद्रव्याचे प्रमाण, दळण्याचा बारीकपणा, त्वचेच्या गडद छटांसाठी उपलब्ध असलेले पर्याय, लावताना होणारा स्पर्श यांत फरक पडतो आणि तो हाताला जाणवतो. पण जड काचेची बाटली आणि चुंबकाने मिटणारे झाकण यांचे पैसेही आपणच मोजत असतो. केवळ स्त्रियांसाठी म्हणून वस्तू विकली गेली तरी किंमत वाढते: न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये सुमारे ८०० वस्तूंची तुलना केली, तेव्हा स्त्रियांसाठीच्या वस्तू सरासरी ७ टक्क्यांनी आणि त्यांतली वैयक्तिक निगेची उत्पादने १३ टक्क्यांनी महाग निघाली.

प्रसाधनांचा आणखी एक छुपा तोटा म्हणजे ती संपत नाहीत, खराब होतात. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा अशी खूण वेष्टनावर असते. उघडल्यावर किती महिने वापरावे हे ती सांगते, आणि मस्कारासारखी डोळ्यांजवळची वस्तू तर काही महिन्यांतच टाकून द्यावी लागते. डोळ्यांवर लावायच्या रंगांची वापरातली पेटी उघडून पाहिली, तर बहुधा दोन-तीन फिकट तपकिरी चौकोनांत तळाचा पत्रा दिसू लागलेला असतो, तर निळ्या, हिरव्या आणि जांभळ्या चौकोनांवर कारखान्यात उमटवलेली नक्षी जशीच्या तशी असते. पैसे मात्र सगळ्या चौकोनांचे दिलेले असतात. म्हणून एकेक रंग सुटा घेणे महाग दिसले तरी अनेकदा तेच स्वस्त पडते.

कपड्यांचे गणित थोडे सरळ आहे, कारण त्यांचा दर्जा डोळ्यांनी तपासता येतो. कपडा विकत घेण्याआधी तो उलटा करावा. शिवणीच्या आत पुरेसे कापड सोडलेले आहे का, म्हणजे उद्या तो उसवून सैल करता येईल का. टाके जवळजवळ आणि एकसारखे आहेत का. चौकड्या किंवा पट्टे शिवणीपाशी जुळतात का. गुंडी ओढल्यावर तिचा दोरा सुटतो का, हे दोन मिनिटांत कळते. कृत्रिम चामड्याची परीक्षा मात्र अशी होत नाही. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचे हवेतल्या दमटपणामुळे हळूहळू विघटन होते, त्यामुळे असे जाकीट किंवा बूट न वापरता कपाटात ठेवले तरी काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. जपून ठेवल्याने ते टिकत नाही, म्हणून एकदा घेतलेच तर मनसोक्त वापरून घ्यावे.

किंमत जितकी वेळा वापरले त्याने भागून पाहणे, ही पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक असते. चौपट किमतीचा कोट १२० वेळा घातला आणि स्वस्त कोट ६ वेळांत टाकून दिला, तर दर वापराला स्वस्त कोट पाचपट महाग पडतो. हिशेब बिनचूक आहे, पण दुकानात उभे राहून आपण जो वापराचा आकडा मनात धरतो तो नेहमी उदार असतो. त्यावर उपाय असा की भविष्याचा अंदाज न करता भूतकाळ पाहावा: याच धर्तीचा जो कपडा आपल्याकडे आधीपासून आहे, तो मागच्या वर्षभरात किती वेळा अंगावर चढला? एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ मधील अहवालानुसार जगातले कपड्यांचे उत्पादन साधारण पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट झाले, आणि एक कपडा टाकून देण्याआधी सरासरी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. कपडे स्वस्त झाले, तरी दर वापराचा खर्च त्याच मानाने उतरला नाही, तो यामुळे.

फॅशनवरचा खर्च कधीच संपत नाही, याचे मूळ तिच्या घडणीतच आहे. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे नेमके हेरले होते की फॅशन माणसाच्या दोन परस्परविरोधी इच्छा एकदम पुरवते: चारचौघांसारखे असावे ही एक आणि चारचौघांत उठून दिसावे ही दुसरी. वरच्या थरातले लोक एखादी शैली उचलतात, खालच्या थरातले तिचे अनुकरण करतात, आणि ती सर्वत्र झाली की वरचे लोक ती टाकून पुढे सरकतात. इतरांपेक्षा वरचढ दिसण्यासाठी केलेल्या खर्चाचे म्हणूनच असे होते की सगळ्यांनी तो वाढवला की प्रत्येक जण पुन्हा पूर्वीच्याच जागी असतो, फक्त सर्वांची पाकिटे हलकी झालेली असतात. या शर्यतीतून एकट्याने बाहेर पडणे मात्र सोपे नाही, कारण बाकीचे धावत राहतात. मुलाखतीला सगळे नवा पेहराव करून येत असतील, तर जुना कपडा घालून येणाऱ्याला तत्त्वज्ञ म्हणून वेगळे गुण मिळत नाहीत.

राहिली हौस. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मर्यादा असते. रंग मिसळण्यात, कापड निवडण्यात, स्वतःच्या चेहऱ्यावर अर्धा तास रमण्यात ज्यांना आनंद मिळतो, त्यांचा खर्च संगीत शिकण्याच्या किंवा प्रवासाच्या खर्चाइतकाच रास्त आहे आणि त्यातून पगार वाढला का, असे कोणी विचारू नये. अशा खर्चाला लावण्याची कसोटी एवढीच की तो शिल्लक पैशांतून होतो की हप्त्यांवर. कपडे आणि प्रसाधने यांची किंमत वापरल्याबरोबर जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे कपडा जुना झाला तरी हप्ता चालूच, हे ऋण काढून सण करण्यासारखे झाले. उलट, काही प्रसंगी मेकअपला हौस म्हणणेही अपुरे ठरते. कर्करोगाच्या उपचारांत भुवया आणि पापण्या गळालेल्या स्त्रियांना प्रसाधनांचा वापर शिकवणारा ‘लुक गुड फील बेटर’ हा उपक्रम अमेरिकेत १९८९ मध्ये सुरू झाला. कोड किंवा भाजल्याचे व्रण झाकणाऱ्या लेपांनीही अनेकांचे लोकांत वावरणे सुसह्य होते. तेथे किमतीचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

तिसरा, नाइलाजाचा खर्च सर्वांत कमी चर्चिला जातो, कारण तो ज्याचा त्याचा खासगी मामला समजला जातो. कामाच्या ठिकाणी गणवेश सक्तीचा असेल तर तो मालकाने पुरवावा, अशी अपेक्षा सहज केली जाते; चेहऱ्यावर मेकअप सक्तीचा असेल तर त्याचे पैसे आणि रोजचा वेळ कोणी द्यायचा, हे मात्र फारसे विचारले जात नाही. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांवरची मेकअपची सक्ती २०१९ मध्ये उठवली, म्हणजे तोवर ती होती. अमेरिकेत नेव्हाडा राज्यातील रेनो येथील एका कॅसिनोत जवळपास वीस वर्षे बारमध्ये काम केलेल्या डार्लीन जेस्पर्सन यांनी पावडर, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावण्याचा नवा नियम पाळण्यास नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. २००६ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने बहुमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कॅसिनोचे नियम पाळण्यासाठी स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक पैसे आणि वेळ लागतो, याचा पुरावा त्यांनी सादर केलेला नाही, हे त्यामागचे एक कारण होते. बहुमताशी असहमत असलेले न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी स्वतंत्र मत नोंदवताना म्हटले की या वस्तू काही झाडाला लागत नाहीत आणि हे कळण्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार बोलवावा लागत नाही.